रिकामा म्हणून नोंदलेला डबा

चौकशी समितीचा कागद आला तेव्हा आसिलकान शाळेच्या प्रयोगशाळेत एबोनाइटच्या कांड्या पुसून ठेवत होती. आठवीच्या मुलांनी सकाळभर त्या लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलले होते. तिने हात पुसले, पाकीट फोडलं आणि वाचत वाचत शेवटच्या ओळीपाशी आली. 'अपघाताचे कारण : मृत कामगाराचा वैयक्तिक निष्काळजीपणा.'

आधी तिला वाटलं, पत्ता चुकला. दुसऱ्याच कुणाच्या वडिलांचा कागद आपल्याकडे आला. मग तिने वरचं नाव पाहिलं. सादिरकुल. चाचणी केंद्र, उच्च दाब विभाग, सेवा चौतीस वर्षे.

निष्काळजीपणा! तिच्या वडिलांना ती आके म्हणायची. आके चहाची किटलीसुद्धा आधी हाताची पाठ लावून बघत आणि मगच उचलत. घोडा बांधला की गाठ दोनदा ओढून पाहत, चार पावलं गेल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा. आपा, म्हणजे तिची आई कालिपा, नेहमी म्हणायची, "ह्या माणसाने मला मागणी घातली तीसुद्धा आधी हाताची पाठ लावून बघूनच." ती सवय कामावरची होती. विजेच्या वस्तूला तळहात लावला तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही; पाठ लावली तर हात निदान मागे फेकला जातो. आकेंनी हे तिला सहाव्या वर्षी शिकवलं होतं, शाळेत बसायच्या आधी.

नारीन नदीच्या काठावरचं ते केंद्र गावातल्या अर्ध्या घरांना पोसत होतं. डोंगरावरून जाणाऱ्या तारांना धरून ठेवणारे चिनी मातीचे पेले तिथे तपासले जात. त्यांच्यावर मुद्दाम वीज पाडायची. फुटले तर इथेच फुटू देत, हिवाळ्यात खिंडीत नकोत. ही पाडायची वीज आधी साठवावी लागते आणि त्यासाठी तिथे माणसाच्या छातीएवढे उंच, तेलाने भरलेले लोखंडी डबे होते. कंडेन्सर. आत धातूच्या दोन लांबच लांब पट्ट्या, मध्ये तेलात भिजवलेला कागद. एका पट्टीवर धन भार, दुसऱ्या पट्टीवर ऋण. ते एकमेकांना कागदाआडून ओढत राहतात, भेटता येत नाही म्हणून तिथेच थांबून राहतात. वरचा खटका बंद केला तरी ते जात नाहीत.

म्हणून केंद्राची रीत अशी होती. काम थांबलं की तांब्याच्या आकड्याची लांब काठी घ्यायची, तिची तार जमिनीत गाडलेली, ती डब्याच्या माथ्याला टेकवायची. ठिणगी उडते, डबा रिकामा होतो. दहा अंक मोजायचे. मग माथ्यापासून डब्याच्या पायाशी असलेल्या पितळी खुंटीपर्यंत तांब्याची वेणी अडकवायची आणि काम संपेपर्यंत काढायची नाही. वेणीला कामगार 'दावं' म्हणत. दावं नसलेल्या डब्याजवळ आके उभेही राहत नसत. वहीत वेळ लिहायची, सही करायची.

त्या दिवशी वहीत आकेंच्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'नऊ चाळीस. डबा क्रमांक सहा रिकामा केला. दावं घातलं.' अकरा पंचविसाला त्यांनी त्याच डब्याच्या माथ्यावरचा सैल झालेला पेच आवळायला हात पुढे केला आणि ते तिथेच पडले. दावं डब्याला लटकतच होतं.

समितीचा हिशेब सरळ होता. डब्यात भार होता, म्हणजे तो रिकामा केलेला नव्हता. वहीतली नोंद म्हणून खोटी. आणि दावं देखाव्यापुरतं. एका मेलेल्या माणसाला तीन ओळींत आळशी, खोटारडा आणि ढोंगी ठरवून समिती राजधानीला परत गेली होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी आसिलकानने कदाचित दात आवळून गिळलं असतं. पण केंद्रात दर तीन महिन्यांनी सगळ्या कामगारांना सभागृहात बसवून अपघातांचे कागद मोठ्याने वाचून दाखवत. कोण मेलं, का मेलं, त्याने काय चूक केली. मग प्रत्येकाने सही करायची की ऐकलं आणि समजलं. पुढची वीस-तीस वर्षं, तिच्याच वर्गातून निघून तिथे लागलेली पोरं, तिच्या वडिलांचं नाव निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून ऐकणार होती आणि खाली सही ठोकणार होती.

तिने फेरचौकशीचा अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. उत्तर आलं की पहिला मिळालेला नाही. तिसरा ती स्वतः घेऊन केंद्राच्या संचालकांकडे गेली.

दोलोतबेक इसाकोविच खुर्चीतून अर्धवट उठले. "ये पोरी, ये. तुझे वडील म्हणजे आमचं सोनं होतं. पण सोन्यालाही एखाद्या दिवशी डुलकी लागते."

"डुलकी लागली असं कागदात नाही. नोंद खोटी केली असं आहे."

"अगं, ती सरकारी भाषा. तिचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"मग ती सरकारी भाषा तुमच्या वडिलांच्या नावापुढे लिहू?"

संचालक खाली बसले. अर्जावर शिक्का मारला, पण तो असा आपटून मारला की शाईची वाटी हलली.

गुरुवारी दुपारी मेदेर घरी आले. आकेंबरोबर सव्वीस वर्षं एकाच पाळीत काम केलेला माणूस. दफनाआधी आकेंच्या देहाला आंघोळ घालणाऱ्या पाचांमध्येही तेच होते. आपा स्वयंपाकघरात बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. गेलेल्या माणसापर्यंत तळणीचा वास पोचतो, म्हणून दर गुरुवारी तळायचे. कढईसमोर ती पाठ वळवून उभी होती.

"बसा, मेदेर बाइके," आसिलकान म्हणाली; थोरल्या भावासारखे म्हणून ती त्यांना बाइके म्हणायची. "चहा ओतते."

मेदेर बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली. "आसिल, फेरचौकशी लागली म्हणतात."

"लागली. तुम्ही पहिल्या वेळी समितीपुढे काय सांगितलंत?"

"विचारलं तेवढं. विचारलं, दावं होतं का? म्हटलं, होतं. विचारलं, तुझ्यासमोर काठी टेकवली का? म्हटलं, हो, ठिणगी मी ऐकली. ते म्हणाले, मित्राला वाचवू नकोस."

कढईत तेल चुरचुरलं. आपा वळली नाही, पण झारा हातात तसाच थांबला.

"एक सांगायचं राहिलं," मेदेर म्हणाले. "आंघोळ घालताना मी पाहिलं. डाग उजव्या हाताच्या पाठीवर होता. तळहातावर नाही. त्याने तेव्हासुद्धा आधी पाठच लावली."

आपाने झारा खाली ठेवला. "हे तू मला आज सांगतोस?" ती म्हणाली. "चाळीस दिवस झाले. चाळीस दिवस माझ्या घरी येऊन मांस खाल्लंस, आणि हे आज सांगतोस?"

"कालिपा एजे, मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल."

"त्रास! मला त्रास होईल म्हणून सगळं गाव गप्प बसलंय. बसा गप्प. बोर्सोक खा."

मेदेरांनी बोर्सोक घेतला नाही. प्याल्याकडे बघत ते एवढंच म्हणाले, "खुंट्या निळ्या आहेत, आसिल."

"कुठल्या खुंट्या?"

"डब्यांच्या. पितळी होत्या ना. आता निळ्या आहेत."

तिला समजायला क्षणच लागला. एप्रिलमध्ये मंत्रालयातून बडे पाहुणे यायचे होते. बडे पाहुणे आले की इथे काय होतं ते गावाला पाठ आहे : रस्त्याच्या कडा पांढऱ्या होतात, झाडांचे बुंधे पांढरे होतात, आणि जे काही पांढरं करता येत नाही ते निळं होतं. डबेही निळे झाले होते. नखशिखांत, पायाच्या खुंटीसकट. पितळेवर तेलरंगाचे दोन जाड हात. दाव्याचा चिमटा त्या खुंटीला पकडून बसतो, लटकतो, दिसतो. पण पितळेला शिवत नाही. रंगातून भार जात नाही. दावं होतं आणि नव्हतं.

"आणि रिकामा डबा?" मेदेर म्हणाले. "समितीवाला म्हणतो, रिकामा डबा आपोआप भरत नाही. तिथे मी अडकलो."

"आके तुम्हाला मेंढ्यांचं सांगायचे ना?"

"सांगायचा. म्हणायचा, वाड्याचं फाटक उघडलं की दाराजवळच्या मेंढ्या धावत सुटतात. मागे कुडाला टेकून बसलेल्या उशिरा उठतात."

"तेच. काठी टेकवली की पट्ट्यांवरचा भार जातो. पण काही भार कागदात शिरून बसलेला असतो. तो मागून, हळूहळू, बाहेर येतो. दावं नीट असेल तर येतो तसा जमिनीत जातो. नसेल तर साचत राहतो."

"हे पुस्तकात आहे?"

"आहे. समितीच्या अध्यक्षांनी शिकलेल्या पुस्तकातही असणार."

मेदेर उठले. दाराशी थांबले, काहीतरी बोलणार होते, मग टोपी घातली आणि गेले.

फेरचौकशी मंगळवारी सकाळी केंद्राच्या चाचणीगृहातच झाली. अध्यक्ष अर्स्तानबेक तेमिरोविच म्हणून होते, अभियंते, पिकलेल्या मिशा, आवाज लोण्यासारखा. इतिवृत्त लिहायला झोया मात्वेयेव्ना नावाच्या वयस्कर बाई होत्या, खांद्यावर बारीक लोकरीची शाल. संचालक होते, मेदेर होते. ओळीत निळे डबे उभे होते. सहा क्रमांकाचा डबा नेलेला होता, त्याच्या जागी जमिनीवर तेलाचा चौकोन उरला होता. आसिलकानने त्या चौकोनाकडे एकदाच पाहिलं.

"मुली," अध्यक्ष म्हणाले, "तुझं दुःख आम्ही समजतो. पण पदार्थविज्ञान दुःख बघत नाही. तू स्वतः शिकवतेस. सांग, रिकामी केलेली बादली आपोआप भरते का?"

"बादली नाही भरत. कंडेन्सर बादली नाही."

"अस्सं! मग काय आहे?"

"ओली गोधडी. पिळून दोरीवर टाका, थोड्या वेळाने खाली परत पाणी साचतं."

झोया मात्वेयेव्नांच्या पेनाने 'गोधडी' लिहिलं असावं, कारण अध्यक्षांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "हे नका लिहू."

"बोललेलं लिहायचं असतं, अर्स्तानबेक तेमिरोविच," बाई म्हणाल्या.

आसिलकानने मागणी मांडली. उरलेल्यांपैकी कुठलाही एक डबा घ्या. त्या दिवसाइतकाच भरा. काठीने रिकामा करा, तुमच्या डोळ्यांदेखत. दावं घाला. वहीत नोंद करा. आणि वहीत होता तेवढाच वेळ जाऊ द्या, नऊ चाळीस ते अकरा पंचवीस.

"पावणेदोन तास?" संचालक म्हणाले. "बाई, हा काय जादूचा खेळ लावलाय? पाहुण्यांसाठी तिकडे मेंढी कापलीय, मांस शिजलंय."

"मग बरंच झालं," आसिलकान म्हणाली. "तुमचा वेळ चांगला जाईल."

अध्यक्ष हसले. त्यांना हसू येण्याइतकी खात्री होती. "होऊन जाऊ दे. पोरीचं समाधान होईल. जेवून येतो आणि सही करून मोकळे होतो."

मेदेरांनी चार क्रमांकाचा डबा जोडला. सगळे पिवळ्या रेषेच्या मागे सरकले. काटा चढू लागला तसं चाचणीगृहात ते परिचित गुणगुणणं सुरू झालं, आणि झोया मात्वेयेव्नांच्या शालीवरची बारीक लव एकेक करून उभी राहिली, डब्याच्या दिशेने झुकली, वारा नसताना. बाईंनी शाल चाचपली. आसिलकानच्या मनगटावरही केस उभे होते. अजून कुणी कशाला शिवलेलं नव्हतं, तरी डब्याची ओढ हवेतून तिथवर पोचली होती. आके म्हणायचे, केस उभे राहिले की समजावं, डबा बोलतोय, तिथेच थांबावं. पण हे बोलणं मोठ्या दाबाला ऐकू येतं. मागून साचणारा भार मुका असतो. मारायला पुरेल एवढा, पण केस उभे करायला कमी.

खटका बंद झाला. मेदेरांनी काठी टेकवली. चाबूक ओढावा तसा आवाज, पांढरी ठिणगी. दहा अंक. काठी पुन्हा टेकवली, आवाज नाही.

"रिकामा?" आसिलकानने विचारलं.

"रिकामा," अध्यक्ष म्हणाले.

"वहीत तुम्ही लिहा. सहीही तुमची."

त्यांनी लिहिलं, ऐटीत. मेदेरांनी दावं घातलं. वरचा चिमटा माथ्याला, खालचा निळ्या खुंटीला. अध्यक्षांनी वाकून ते ओढून पाहिलं. पक्कं होतं. मग ते आणि संचालक जेवायला गेले. मेदेर बाहेर पायरीवर जाऊन बसले.

झोया मात्वेयेव्ना गेल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतून आसिलकानपुढे केला. "घे. मला मेंढी पचत नाही."

दोघी पिवळ्या रेषेच्या अलीकडे दोन स्टुलांवर बसल्या.

"किती अपघातांची इतिवृत्तं लिहिलीत?" आसिलकानने विचारलं.

"मोजणं सोडलं. एकोणीस वर्षं लिहितेय."

"कारण काय असतं?"

"निष्काळजीपणा." बाईंनी शाल सारखी केली. "दोरी तुटली, निष्काळजीपणा. शिडी कुजकी होती, निष्काळजीपणा. एकदा भिंत पडली, बाई, भिंत. तिच्याखाली उभा राहण्याचा निष्काळजीपणा. मेलेला माणूस हरकत घ्यायला येत नाही, म्हणून त्याच्यावर टाकणं सगळ्यांना सोयीचं."

"आणि तुम्ही लिहिता."

"मी लिहिते." बाईंनी थर्मासचं बूच लावलं. "माझ्यावर चिडलीस तरी चालेल. आजवर माझ्याशेजारी कुणी बसलंच नव्हतं, चिडायला."

आसिलकान चिडलेलीच होती. दफनाच्या दिवशी बायकांनी गळा काढला तेव्हा तिच्या तोंडातून आवाज निघाला नव्हता, आणि मावश्या कुजबुजल्या होत्या की शिकलेली मुलगी, काळीज दगडाचं. दगड नव्हता. समोर उभा होता तसला डबा होता, वरून निळा, थंड, नीट बांधलेला दिसणारा. तिने चहाचं झाकण परत केलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

पुरुष परत आले ते मांसाचा आणि कांद्याचा वास घेऊन. संचालक दात कोरत होते. एक तास पंचेचाळीस मिनिटं पुरी झाली तेव्हा आसिलकानने काठी हातात घेतली आणि डब्याच्या बाजूला उभी राहिली.

"अर्स्तानबेक तेमिरोविच, डबा रिकामा आहे?"

"आहे. मीच लिहिलंय."

"दावं आहे?"

"आहे. मीच ओढून पाहिलंय."

"तर मग माथ्यावर हात ठेवा."

अध्यक्ष हसले आणि एक पाऊल पुढे आले. उजवा हात कमरेपर्यंत उचलला. आसिलकानने काठी एवढी जवळ धरली होती की त्यांनी खरंच हात नेला असता तर आकडा आधी पोचला असता. तिला आणखी एक मेलेला माणूस नको होता. पण अध्यक्षांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्यांना दिसलं की मेदेर दोन पावलं मागे सरकलेत. आणि त्यांना हेही दिसलं की संचालक चार पावलं मागे सरकलेत.

हात तिथेच थांबला. मग कोटाच्या खिशात गेला.

"हे शास्त्रीय नाही," ते म्हणाले. "मीटर आणा."

"माझ्या वडिलांच्या हातात मीटर नव्हतं," आसिलकान म्हणाली. तिचा आवाज वर्गात फळा पुसायला सांगताना असतो तेवढाच होता. "त्यांच्याकडे वहीतली नोंद होती आणि दावं होतं. तुमच्या नियमाप्रमाणे तेवढं पुरतं. तुमच्याकडेही तेच दोन आहेत, शिवाय नोंद तुमच्या हातची आहे. ठेवा हात."

तिने आणखी दहा सेकंद दिली, मनात मोजून. मग काठी टेकवली.

फट्‌. पहिल्यासारखा चाबूक नाही, पण फांदी मोडावी तसा कोरडा आवाज आणि निळसर पांढरी ठिणगी, दिवसाउजेडी सगळ्यांना दिसलेली. झोया मात्वेयेव्नांच्या हातून पेन पडलं.

आसिलकान खाली बसली. खिशातून चाकू काढून तिने खुंटीवरचा रंग खरवडला. निळा पापुद्रा नखाएवढा जाड निघाला, खाली पितळ चमकलं. "दावं ह्याला धरायला हवं होतं," ती म्हणाली. "ते रंगाला धरत होतं. कुणी रंगवायला सांगितलं?"

"आदेश असा काही नव्हता," संचालक घाईने म्हणाले. "पाहुणे यायचे म्हणून कामगारांनी आपणहून, उत्साहाने..."

"मी रंगवलं," मेदेर म्हणाले.

सगळे वळले. मेदेर टोपी दोन्ही हातांत पिळत होते. "डबे मी रंगवले. मी म्हटलं, खुंट्या सोडू या. संचालकसाहेब म्हणाले, एक बोटभर पिवळं दिसलं तर पगारपत्रकावरून नाव काढीन. मी रंगवल्या. सादिरकुल त्या आठवड्यात नात्यातल्या लग्नाला गेला होता, परत आला तेव्हा रंग वाळला होता. मी त्याला सांगायला हवं होतं. मला वाटलं, चिमट्याचे दात रंगातून जातील."

"खोटं बोलतोय!" संचालक ओरडले.

"ह्या डब्याच्या माथ्यावर हात ठेवून सांगू? आता रिकामा आहे. खरा रिकामा."

अध्यक्षांनी घसा खाकरला. लोण्यासारखा आवाज परत आला होता. "ठीक आहे. भावना बाजूला ठेवू. आपण असं करू : 'निष्काळजीपणा' काढतो. 'अनिश्चित तांत्रिक कारण' लिहितो. सगळ्यांचाच मान राहील."

"अनिश्चित काय आहे?" आसिलकानने विचारलं. "तुम्ही आता पाहिलंत ते अनिश्चित होतं? दर तीन महिन्यांनी पोरांना काय वाचून दाखवणार, अनिश्चित कारणापासून जपून राहा? बाकीच्या डब्यांच्या खुंट्या अजून निळ्या आहेत. उद्या सकाळी त्यांना कुणीतरी दावं घालणार आहे."

"मुली, संचालकांचं नाव घालायचं तर मला वर विचारावं लागेल."

"विचारा. तोवर आज इथे घडलं ते लिहा. झोया मात्वेयेव्ना, बोललेलं आणि घडलेलं लिहायचं असतं ना?"

"लिहिलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी पान उचललं आणि शाळेतल्या मुलीसारखं स्पष्ट वाचलं : "'नियमानुसार रिकामा केलेला, दावं घातलेला आणि अध्यक्षांनी स्वतः तसा नोंदवलेला डबा क्रमांक चार एक तास पंचेचाळीस मिनिटांनी भारित आढळला. खुंटी रंगवलेली असल्याने दाव्याचा जोड नव्हता. खुंट्या संचालकांच्या सांगण्यावरून रंगवल्याचे कामगार मेदेर यांनी सांगितले. अध्यक्षांना डब्यास हात लावण्यास सांगितले असता त्यांनी तो लावला नाही.'"

"शेवटचं वाक्य कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

"घडलं म्हणून."

"ते काढा. मी ह्यावर सही करणार नाही."

आसिलकानने वरचा खटका दाखवला. "मेदेर बाइके, आता पाच क्रमांकाचा डबा भरा, त्याची खुंटी अजून निळी आहे. आपल्याला वेळ आहे. पावणेदोन तास अजून बसू. अर्स्तानबेक तेमिरोविच, एक तर सही करा, नाहीतर ह्या वेळी हात लावा. तिसरं काही मी ऐकणार नाही."

ती ओरडली नव्हती. पण संचालकांनी दात कोरायची काडी खाली टाकली, आणि अध्यक्षांनी पेन घेतलं. प्रत्येक पानावर सही करताना त्यांचा चेहरा असा होता की जणू पेनच गरम आहे.

मेदेर जवळ आले. "आसिल," ते हळू म्हणाले, "माझं नावही त्यात राहणार?"

सव्वीस वर्षांची पाळी, आंघोळ, चाळीस दिवस. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "राहणार, बाइके."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरं आहे." मग तिच्या हातातला चाकू मागून घेतला आणि पाच क्रमांकाच्या डब्याच्या पायाशी बसून खुंटी खरवडू लागले. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. संचालकांनी थांबवलंही नाही.

घरी आपा दारातच होती. "काय लिहिलं?"

आसिलकानने नक्कल काढली आणि ओसरीत उभ्यानेच पूर्ण वाचून दाखवली. निष्काळजीपणा हा शब्द त्यात कुठेही नव्हता. आपाने एकेक वाक्य मान हलवत ऐकलं. डब्याचं ऐकलं, रंगाचं ऐकलं, मेदेरचं नाव आलं तेव्हा डोळे मिटले. अध्यक्षांनी हात लावला नाही हे तिने दोनदा वाचायला लावलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"आणि तो जपून वागायचा, हे कुठे लिहिलंय?"

"तसं लिहीत नाहीत, आपा. चूक त्यांची नव्हती, एवढंच लिहितात."

"का नाही लिहीत? खोटं तीन ओळींत लिहिता आलं. खरं एका ओळीतही येत नाही?" आपाने कागद तिच्या हातातून घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिला. "जागा आहे की. उद्या परत जा."